दोनशे चौदा स्वच्छ चित्रं

हार घातलेल्या फोटोला मी हात जोडले, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा फोटोतला माणूस माझ्या शेजारी उभा राहून दात कोरत होता.

आधी वाटलं, ऊन लागलं. पुण्याहून पहाटेची एसटी, सांगलीला दुसरी एसटी, शेवटचे चार किलोमीटर माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये एका बोकडाशेजारी. बासष्टाव्या वर्षी एवढं केल्यावर बाईला काहीही दिसू शकतं.

"घाबरला काय बाई?" तो माणूस म्हणाला. "मी हाय जिवंत. हात लावून बघा पायजे तर."

"पण हा फोटो..."

"माझाच हाय. मी जिनगोंडा मगदूम, भूपालण्णाचा धाकटा भाऊ. त्येनं जन्मात फोटू काढून घेतला न्हाई. मग ह्या कमिटीवाल्यांनी माझ्या लेकीच्या लग्नातला माझा फोटू कापून मोठा केला. म्हणाले, भाऊ-भाऊ, कोण बघतंय. वर कुंकू लावलंय बघा, हार घातलाय. माझी बायकू सकाळपास्नं माझ्याशी बोलंना झालीया."

"का?"

"सौभाग्यवती बाई हाय ती. तिला कसं वाटंल?"

मला काय वाटलं ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं. मी चित्रकार भूपाल मगदूमांबरोबर एकोणीस वर्षं काम केलं होतं आणि त्यांचा चेहरा एकदाही पाहिला नव्हता. म्हणून त्या फोटोपुढे मी जरा जास्तच वेळ उभी राहिले होते. कपाळ, भुवया, हनुवटीवरचा खड्डा, सगळं एकेक करून मनात नीट ठेवून घेतलं होतं. ते आता परत करायची वेळ आली.

"तुम्ही दोघं सारखे दिसायचात का?" मी विचारलं.

जिनगोंडानं काडी तोंडातून काढून विचार केला. "कानं सारखी. बाकी त्यो आईवर, मी बावर. आन् त्यो हसायचा तोंडातल्या तोंडात. मी आपला मोकळा."

म्हणजे कान तेवढे मला ठेवता येणार होते. मी त्याचे कान बघून घेतले. बरे होते.

गावाचं नाव सांगत नाही. कुरुंदवाडच्या पलीकडे आहे, नदीकाठी आहे, आणि त्या दिवशी तिथे असलेली बरीच माणसं अजून माझ्यापेक्षा धडधाकट आहेत. गावातल्या वाचनालयाच्या माडीवर एक लांबट खोली होती, तिथे पूर्वी भजनी मंडळाचं सामान आणि एका बंद पडलेल्या बँडचा मोठा ढोल असायचा. तो ढोल काढून तिथे 'कै. भूपाल मगदूम बालचित्र दालन' झालं होतं, आणि आज त्याचं उद्घाटन. पत्रिका आमच्या 'चिंचोका' मासिकाच्या जुन्या पत्त्यावर गेली. तिथे आता पिठाची गिरणी आहे. गिरणीवाल्यानं ती माझ्या दळणाच्या डब्यात टाकून घरी पोचवली, म्हणून मला कळलं की भूपाल मगदूम तीन वर्षांपूर्वी वारले, आणि त्यांची घरात सापडलेली मूळ चित्रं आता भिंतीवर लागणार आहेत.

मला त्यातलं एकच चित्र बघायचं होतं. खरं सांगायचं तर चित्रही नाही. त्याचा समास.

हे जरा समजावून सांगायला हवं. त्या काळी चित्राचा छापायचा ब्लॉक करताना आधी त्याचा एका मोठ्या कॅमेऱ्यानं फोटो घेत. त्या कॅमेऱ्याला काळी शाई दिसायची, पण फिकट निळी पेन्सिल दिसायची नाही. म्हणून चित्रकार ब्लॉकवाल्याला ज्या काही सूचना द्यायच्या त्या निळ्या पेन्सिलीनं चित्राच्या कडेला लिहीत. छापून आलं की सूचना गायब. त्या वाचायची पाळी फक्त दोघातिघांवर यायची, आणि 'चिंचोका'त ती माझ्यावर होती. मी बाविसाव्या वर्षी तिथे लागले. संपादक, पुस्तकं बांधणारा आणि मी, एवढाच कारभार. भूपाल मगदूम दर महिन्याला एसटीच्या पार्सलनं चित्रं पाठवत, एकाच अटीवर, की ब्लॉक झाले की मूळ चित्रं परत यायला हवीत. मी ती पुढच्या महिन्याच्या गोष्टीबरोबर परत पाठवायची.

पहिल्या पार्सलात एक ससा होता. समासात लिहिलं होतं, "ब्लॉकमध्ये सशाचा कान कापू नये."

परत पाठवताना मी खाली निळ्या पेन्सिलीनं लिहिलं, "कान वाचला. शेपूट कापली गेली. क्षमस्व."

पुढच्या पार्सलात सशाचं नाव नव्हतं, नवं कासव होतं. पण समासात होतं, "शेपूट परत उगवेल. ससा तरुण आहे."

अशी सुरुवात झाली. मग मी लिहिलं की पुण्यात पाऊस आहे आणि माझी छत्री बसमध्ये राहिली. पुढच्या महिन्यात भर उन्हाळ्याच्या गोष्टीत अस्वल छत्री घेऊन उभं. संपादक म्हणाले, "गोष्टीत पाऊस कुठे आहे?" मी म्हटलं, "चित्रकाराला दिसला असेल." माझे वडील गेले त्या महिन्यात मी चित्रं कोरीच परत पाठवली. त्यांनी ते ओळखलं कसं कोण जाणे. पुढच्या समासात एवढंच होतं, "या महिन्यात काही लिहू नका. मीही लिहीत नाही." लाखो पोरांनी ती चित्रं पाहिली असतील. लाखो म्हणणं जरा जास्त झालं, 'चिंचोका'चा खप बावीसशे होता. पण त्या बावीसशेंतल्या एकालाही कल्पना नव्हती की चित्राच्या कडेला दोन माणसं बोलत बसली आहेत.

एकदा ते पुण्याला आले होते. मी नेमकी त्या दिवशी दाढ काढायला गेले होते. संपादक म्हणाले, "मगदूम येऊन गेले. फार काही बोलले नाहीत. तुझ्या टेबलाकडे बघत होते." ती दाढ मी आयुष्यभर माफ केली नाही.

माझं लग्न झालं नाही. का झालं नाही याबद्दल माझ्या वहिनीची पाच मतं आहेत, पाचही चुकीची.

मग कागद महागला, संपादकांची तब्येत बसली, आणि अठ्ठ्याहत्तर साली 'चिंचोका' बंद झाला. शेवटच्या अंकात एक अस्वल होतं. फाट्यावर पत्र्याच्या ट्रंकेवर बसून एसटीची वाट बघणारं, समोर रिकामा रस्ता. ते चित्र परत पाठवताना मी समासात एक ओळ लिहिली. प्रश्न होता. अर्धा दिवस पेन्सिलीला टोक करत बसले होते, तेव्हा कुठे लिहिला.

उत्तर आलं नाही. येणार कसं? उत्तर यायचं तर चित्राच्या कडेनं यायचं, आणि चित्र यायचं कारण संपलं होतं. पोस्टकार्ड टाकता आलं असतं. त्यांनाही, मलाही. पण पोस्टकार्डावर चित्र नसतं, मग कडेला लिहायचं कशाच्या? नुसतंच मधोमध लिहायची आम्हा दोघांनाही सवय नव्हती. आणि विचारणारी मी, तेव्हा थांबायचं मीच. एकवीस वर्षं थांबले. आता ते चित्र त्या माडीवर, बंद दाराआड होतं, आणि त्याच्या समासात माझ्या ओळीखाली काही आहे की नाही, एवढं बघायला मी बोकडाशेजारी बसून आले होते.

पण उद्घाटन म्हणजे उद्घाटन. कमिटीचे अध्यक्ष आबा पाटील यांनी मला पहिल्या रांगेत बसवलं आणि "पुण्याच्या थोर लेखिका" अशी ओळख करून दिली. मी म्हटलं, मी लेखिका नाही, मी प्रुफं तपासायची. आबा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "असू दे की बाई. आता माइकवरनं झालंय बोलून."

प्रमुख पाहुणे तालुक्यातले एक मोठे बागायतदार होते. त्यांच्याकडे भाषण एकच होतं, उसाच्या ठिबक सिंचनाचं, पण ते कोणत्याही प्रसंगाला जोडायची त्यांची तयारी होती. "चित्रकार कसं करतो? शाई ओतत न्हाई. थेंब-थेंब सोडतो. मुळाशी सोडतो. मग एकरी उतारा किती वाढतो बघा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर चाळीस मिनिटं पाइपवर मिळणाऱ्या अनुदानाबद्दल ते बोलले. मी जिन्याकडे बघत होते.

मग फीत कापायला सगळे वर चढलो. पाहुण्यांनी फीत कापली, दार ढकललं, आणि आत हातात हातोडी घेऊन एक सडपातळ म्हातारे गृहस्थ सावधान अवस्थेत उभे.

"हे कोण?" पाहुणे.

"हे आमचे तेरदाळे सर," आबा म्हणाले. "हायस्कूलला छत्तीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं. समदी मांडणी ह्यांचीच. सर, तुम्ही आत कसे?"

"शेवटचा खिळा मारत होतो," सर म्हणाले. "तेवढ्यात तुम्ही बाहेरून फीत बांधली."

"दीड तास झाला की ओ. खालनं वाकून यायचं."

"उद्घाटनाआधी फीत ओलांडणं शिस्तीत बसत नाही," तेरदाळे सर म्हणाले.

पाहुण्यांनी त्यांनाच हार घातला, म्हणाले हे पहिले रसिक, आणि फोटो काढून घेतला. सरांनी हातोडी खाली ठेवली नाही.

मी आत शिरले.

चित्रं सुरेख लावली होती. ते कबूल करते. काळ्या पट्ट्यांच्या चौकटी, एका रेषेत, ओळंबा लावल्यासारख्या. दाराजवळच ससा भेटला, माझा पहिला ससा, शेपटीसकट. मूळ चित्रात शेपूट शाबूत होती, कापली गेली होती ती छापताना. मी काचेला नाक लावून समासात बघितलं.

पांढरा. शुभ्र पांढरा.

पुढचं कासव. पांढरा समास. छत्रीवालं अस्वल. पांढरा. मला वाटलं यांनी झेरॉक्स लावल्या, झेरॉक्सलाही फिकट निळं दिसत नाही. हायसं वाटलं. मूळ चित्रं कपाटात असतील.

तेरदाळे सर मागे हात बांधून माझ्या पाठोपाठ येत होते.

"सर, ही मूळ चित्रं नाहीत ना?"

त्यांचा चेहरा पडला. "शंभर टक्के मूळ. शाई बघा. जवळून बघा."

"मग यांच्या समासात..."

"तुम्हाला कसं कळलं?" त्यांचा चेहरा असा उजळला, जणू कुणीतरी पहिल्यांदाच त्यांच्या कामाबद्दल विचारत होतं. "बाई, समासात काय गचाळपणा होता म्हणून सांगू. एवढा मोठा कलाकार, हात सोन्याचा, पण समास म्हणून कधी पाळला नाही. जिथं जागा दिसेल तिथं निळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं. आणि एकट्यानं नव्हे, दुसरंही कुणीतरी लिहिलेलं. आबा म्हणाले, असंच लावू. म्हटलं, मी जिवंत असेपर्यंत नाही. दोनशे चौदा चित्रं. चार महिने, रोज दुपारी दोन ते पाच. निळी पेन्सिल लवकर जात नाही, मेणचट असते. आधी पावाचा गर फिरवायचा, मग रबर, मग मऊ फडकं. एका जागी डाग राहिलेला दाखवा."

मी मागे सरकले आणि मिळेल त्या खुर्चीवर बसले.

"त्या खुर्चीवर नको," सर म्हणाले. "ती प्रदर्शनात आहे."

खुर्चीच्या हातावर बघितलं तर खरंच पाटी होती, 'कै. मगदूम यांची खुर्ची'.

"यावर बसून काढायचे?" मी विचारलं.

"छे, ते पोत्यावर मांडी घालून काढायचे. खुर्ची वाचनालयाची आहे. पण दालन म्हटल्यावर खुर्ची लागते, असं कमिटीचं मत पडलं."

म्हणजे फोटो भावाचा, खुर्ची वाचनालयाची. भूपाल मगदूमांचं स्वतःचं असं जे काही होतं ते कडेला होतं, आणि ते तेरदाळे सरांच्या फडक्याला लागून धुणं धुतल्यासारखं नदीला गेलं होतं.

खालून आबांची हाक आली, बासुंदी वाढलीय. पाहुणे, कमिटी, पोरंटोरं सगळी जिन्यावरून खाली गडगडली. जिनगोंडाही गेला. जाता जाता जिन्याजवळच्या आपल्या फोटोवरचा हार काढून त्यानं खिडकीत ठेवला, तेवढाच बायकोचा राग कमी झाला तर झाला. माडीवर आम्ही दोघं उरलो.

"तुम्ही जेवायला चला," सर म्हणाले.

"सर, एक चित्र होतं. अस्वल ट्रंकेवर बसलंय."

"आहे की. दाराच्या मागं. जागा कमी पडली म्हणून तिथं गेलं."

ते दाराच्या मागे होतं. दार उघडं असलं की दिसायचंच नाही. मी दार लोटलं. अस्वल तसंच होतं, पाय जुळवून बसलेलं, रस्त्याकडे बघणारं. समास बर्फासारखा.

"तुम्ही खोडताना वाचलंत?" मी विचारलं. आवाज शक्य तेवढा प्रुफं तपासणारीचा ठेवला.

"वाचल्याशिवाय कसं खोडायचं? अक्षर कुठून कुठवर आहे ते कळायला नको?" मग जरा ओशाळून म्हणाले, "आणि खोटं कशाला बोलू, वाचावंसं वाटायचं. घरी जाऊन बायकोला सांगायचो, आज सशाची शेपूट उगवणार असं लिहिलं होतं. ती म्हणायची, रिटायर झाल्यापासून तुम्हाला काय झालंय."

"आणि या चित्रावर काय होतं?"

त्यांना आठवायला वेळ लागला नाही. हातोडी दुसऱ्या हातात घेऊन, वर्गात सूचना वाचून दाखवतात तशा आवाजात त्यांनी सांगितलं. "'आता पार्सलं येणार नाहीत. मीच आले तर चालेल?'"

एकवीस वर्षं ती ओळ मी मनातसुद्धा मोठ्यानं म्हटली नव्हती. ती आता एका हायस्कूलच्या ड्रॉइंग मास्तरांनी खणखणीत आवाजात म्हटली, आणि माडीला सिलिंग नसल्यामुळे ती पत्र्यावर आपटून परतही आली.

"खाली?" मी म्हटलं. "त्याच्या खाली काय होतं?"

"खाली काही नव्हतं."

खाली अंगणात कुणीतरी वाटी पाडली. आबा कुणाला तरी वाढून झालं का विचारत होते. मला एवढं आठवतं, की मी पर्स उघडली आणि परतीचं तिकीट काढलेलं नसतानाही तिकीट शोधत बसले.

"म्हणजे खोडायला काही नव्हतं," तेरदाळे सर पुढे म्हणाले. आता त्यांच्या आवाजात जुना वैताग आला होता. "पण ह्या एका चित्रानं मला जेवढा त्रास दिला तेवढा बाकीच्या दोनशे तेरांनी मिळून दिला नाही."

"का?"

"वरची ओळ गेली साफ. पण तिच्या खाली कागदच राहिला नव्हता. माझ्याआधी कुणीतरी तिथं खोडलेलं होतं. एकदा दोनदा नव्हे. कागदाचा पार जीव काढलेला. मला तिथं रबर टेकवायची भीती वाटली. म्हणून चित्र दाराच्या मागं लावलं. जागेचं आपलं मी उगाच सांगितलं."

"दाखवा," मी म्हटलं.

"काचेत आहे."

"काढा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फीत न ओलांडणारा माणूस. मग चौकट खिळ्यावरून उतरवली, उलटी करून खुर्चीवर ठेवली, प्रदर्शनातल्या खुर्चीवर, आणि हातोडीच्या मागच्या बाजूनं एकेक खिळा उपटायला लागले.

तेवढ्यात आबा पाटील हातात बासुंदीची वाटी घेऊन जिन्यात उगवले. "बाई, तुमची वाट बघतोय..." मग त्यांना चौकट दिसली. "अहो सर, आत्ता उद्घाटन झालं. पाहुण्यांची गाडी अजून दारात हाय. आन् तुम्ही उतरवायला लागलाय?"

"दुरुस्ती आहे," तेरदाळे सर मान वर न करता म्हणाले.

"कसली?"

"माझ्या चुकीची. तुम्ही खाली जा, आबा."

छत्तीस वर्षांत आबाही कधीतरी त्यांच्या वर्गात असणार. वाटी तिथेच पायरीवर ठेवून ते मुकाट्यानं खाली गेले.

सरांनी चित्र दोन्ही तळहातांवर घेतलं आणि खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरलं. अस्वल काळं, ट्रंक काळी, रस्ता पांढरा. आणि उजव्या समासात, माझी ओळ जिथे होती त्याच्या बरोबर खाली, दोन बोटं रुंद आणि पोस्टकार्डाएवढा लांब असा एक पट्टा, ज्यातून ऊन सरळ आत येत होतं. जिलेटिनच्या कागदातून यावं तसं.

"अक्षरं दिसतात का काही?" मी विचारलं.

त्यांनी कागद तिरका केला, चष्मा कपाळावर नेला, पुन्हा खाली घेतला. "दाब आहेत. पण एकावर एक इतक्या वेळा लिहिलंय, की नुसतं शेत नांगरल्यासारखं झालंय. पहिलं अक्षर 'य' असेल." कागद पुन्हा तिरका करून म्हणाले, "'न'ही असू शकेल."

परीक्षक माणूस. संशयाचा फायदा कुणालाच देत नाही.

"हे त्यांनी एकाच दिवशी केलं असेल," मी म्हटलं. "चिडून."

"छे," सर म्हणाले. "एका दिवसाचं काम नव्हे हे. इकडं बघा." त्यांनी मला जवळ बोलावलं आणि करंगळीच्या नखानं, कागदाला न लावता, दाखवलं. "हा भाग रवाळ आहे. तंतू वर आलेत, थोडी गुलाबी झाक आहे. हा आपला जुना रबर, अर्धा लाल, अर्धा निळा. कागद सोलतो तो. मी पोरांना वर्गात आणू द्यायचो नाही. आणि त्याच्यावर हा भाग बघा, गुळगुळीत, चकाकी आलेली. हा पांढरा मऊ रबर. म्हणजे आधी तो वापरला, संपला, मग हा घेतला."

"मग?"

"मग काय, पांढरा रबर आमच्या गावात मिळायचाच नाही. शाळेसमोरच्या दुकानात मीच मागे लागून ठेवायला लावला. एक्क्याण्णव साली. माझ्या रिटायरमेंटला तीन वर्षं होती, म्हणून पक्कं लक्षात आहे."

अठ्ठ्याहत्तर ते एक्क्याण्णव. मी बोटांवर मोजलं, आणि चुकले, आणि परत मोजलं. एक्क्याण्णव साली मी चोपन्न वर्षांची होते. चाळिशीचा चष्मा लागला होता, गुडघे कुरकुरत होते, आणि इथे पोत्यावर मांडी घालून एक माणूस दुकानातून आणलेला नवा रबर घेऊन बसला होता. लिहीत होता. खोडत होता. जे पाठवायला आता पार्सल नव्हतं, ते नीट लिहायला बघत होता.

सरांनी कागद आणखी उजेडात धरला. मग कागदावरून नजर न काढता म्हणाले, "दोन हात होते त्या समासांत. एक उभं, सुताराच्या खुणांसारखं. ते भूपालचं. दुसरं तिरकं, पुण्याकडचं." मग माझ्याकडे वळले. "बाई, मला माहीत नव्हतं."

"तुम्हाला कसं माहीत असणार."

"दोनशे चौदा चित्रं," ते म्हणाले. "एक डाग ठेवला नाही मी."

कागद त्यांच्या हातात होता आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले होते, म्हणून मी घाईनं काहीतरी बोलायला हवं होतं. मला आयुष्यात अशा वेळी थट्टाच सुचत आली आहे.

"सर," मी म्हटलं, "एखाद्या विद्यार्थ्यानं असा पेपर दिला असता, तर तुम्ही किती मार्क दिले असते?"

तेरदाळे सरांनी प्रश्न थट्टेवारी नेला नाही. ताठ झाले. चित्र परत उजेडासमोर धरलं, वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं, पातळ पट्ट्याशी थांबले.

"खाडाखोडीचे कापावे लागले असते," ते म्हणाले. "नियम आहे."

"बरोबर आहे."

"पण इतक्या वेळा खोडूनही त्यानं कागद फाटू दिलेला नाही." त्यांनी कागद किंचित हलवला, पट्ट्यातलं ऊन त्यांच्या सदऱ्यावर हललं. "हे सोपं नाही बाई. माणूस रागावला की हात जड होतो, कंटाळला की जड होतो. तेरा वर्षं याचा हात एकदाही जड झाला नाही. छत्तीस वर्षांत असा पेपर माझ्या हाताखालून गेलेला नाही."

"मग किती?"

"पैकीच्या पैकी," तेरदाळे सर म्हणाले, आणि चित्र माझ्या हातात दिलं. मग खाली पडलेले खिळे गोळा करायला ते वाकले. सहाच खिळे होते, पण सर बराच वेळ वर आले नाहीत.